शाळेतल्या असिस्टंट ताईंनी युनियनमध्ये जावं का?

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या शाळेच्या ऑफिसात माझ्यासाठी दोन कागद तयार असायचे. एक राजीनामा, 'वैयक्तिक कारणास्तव' असं आधीच टाइप केलेला. दुसरं जूनपासूनचं नेमणूकपत्र, तारखेची जागा कोरी. मी दोन्हींवर सही करायची. राजीनामा फायलीत लागायचा, नेमणूकपत्र ड्रॉवरमध्ये जायचं. अकरा वर्षांत त्या नेमणूकपत्राची प्रत मला तीनदा मिळाली आणि मे महिन्याचा पगार एकदाही मिळाला नाही.

मी शिशुवर्गात असिस्टंट होते. मुलं मला दीदी म्हणायची, पालक मावशी म्हणायचे, शाळेच्या माहितीपत्रकात मी 'सहशिक्षिका' होते आणि पगाराच्या व्हाउचरवर 'हेल्पर'. ही चार नावं लक्षात ठेवा. पुढे सांगणार आहे तो कायदा बराचसा या नावांभोवतीच फिरतो.

मागच्या महिन्यात परळ स्टेशनच्या पुलावर एक जुनी सहकारी भेटली. वयाने माझ्याहून बरीच लहान, अजून त्याच कामात. पुलाच्या कडेला उभी राहून म्हणाली, "ताई, शनिवारी युनियनची मीटिंग आहे. जाऊ का? आई नको म्हणते. म्हणते, असलेली नोकरी घालवशील."

मी तिला जा म्हटलं. पण नुसतं जा म्हणून भागत नाही. गेल्यावर काय मिळतं, काय मिळत नाही आणि कुठे सांभाळून राहायचं, हे तिला त्या गर्दीत सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी तिच्या आईबद्दल. ती काळाचौकीची. तिचे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यातले कित्येक पुन्हा कधी गिरणीत परतले नाहीत. ज्या घरात दागिने मोडून रेशन भरलं गेलं, त्या घरात युनियन या शब्दाने पोटात गोळा येणारच. ती भीती वेडगळ नाही.

माझे वडीलही गिरणीत होते, पण कायम नव्हते, बदली होते. पहाटे भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायमवाला आला नाही तर बदलीवाल्याचं नाव पुकारायचे. सगळे कायमवाले आले तर डबा बगलेत मारून घरी. आमची खोली चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर. आई जिन्यातल्या आवाजावरून ओळखायची. रिकामा डबा खडखड वाजतो, भरलेला वाजत नाही. पावलं चढताना ऐकू आली आणि डबा वाजला नाही, की ती त्या दिवशीची भाजी निम्मी करायची.

तरीही वडील संघटनेला कधी नावं ठेवत नसत. गिरणीत रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना घेऊन कित्येक वर्षं मागणी लावून धरली तेव्हा, हे त्यांनी मला लहानपणीच सांगितलं होतं. एका संपाचं जे झालं ते झालं, पण एकत्र येणं म्हणजे संप असं समीकरण त्यांनी घरात कधी मांडलं नाही. मला वाटतं, घाबरलेल्या प्रत्येक आईला आधी एवढंच सांगावं: युनियनचं बहुतेक काम पत्रं लिहिणं, पोच घेणं, बैठक मागणं आणि तारखांना हजर राहणं असतं.

आता कायद्याकडे येऊ. इथे दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते. युनियनमध्ये जाण्याचा हक्क एक, आणि वाद झाला तर कामगार न्यायालयात जाण्याचा हक्क दुसरा.

पहिला हक्क मोठा आणि सोपा आहे. संघटना किंवा संघ स्थापन करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम १९ (१) (ग) मध्येच आहे. तो शिपायाला आहे तसा मुख्याध्यापकालाही आहे. युनियनची नोंदणी इतकी वर्षं १९२६ च्या कायद्याखाली व्हायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. नोंदणीसाठी किमान सात माणसं लागतात, ही अट दोन्हीकडे सारखी. त्याशिवाय त्या आस्थापनेतले किंवा उद्योगातले दहा टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा लहान असेल तितके सभासद हवेत. आपल्या शाळेपुरता हिशेब केलात तर हे फार अवघड नाही. आणि आधीपासून नोंदलेल्या युनियनमध्ये जायचं असेल तर फॉर्म आणि वर्गणीची पावती, एवढंच. जुन्या कायद्यात किमान वर्गणी वर्षाला १२ रुपये होती. प्रत्यक्षात संघटना त्याहून जास्त घेतात आणि त्यात गैर काही नाही, वकील फुकट उभा राहत नाही.

दुसऱ्या हक्काचं मात्र तसं नाही. १९७८ साली बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी 'उद्योग' या शब्दाची व्याख्या इतकी रुंद केली की शाळाही त्यात आली. मग १९८८ साली गोव्यातल्या एका शिक्षिकेचं प्रकरण न्यायालयासमोर आलं. तेव्हा न्यायालय म्हणालं, शाळा उद्योग आहे, पण शिक्षक 'कामगार' नाही. शिकवणं हे अंगमेहनतीचं काम नाही, कारकुनी नाही, तांत्रिकही नाही. ती एक उदात्त सेवा आहे. म्हणजे शाळेतला शिपाई आणि क्लार्क कामगार न्यायालयात जाऊ शकतात, शिक्षक जाऊ शकत नाही.

मग असिस्टंट कुठे बसते?

कागदावर पद काय लिहिलं आहे यापेक्षा तुमचं मुख्य काम काय आहे, हे न्यायालय पाहतं. माझा दिवस सांगते. सात वाजून दहा मिनिटांनी बस यायची. बत्तीस मुलं मोजून उतरवायची. दोघं-तिघं झोपेत असायची, त्यांना कडेवर. चपला रांगेत, बाटल्या ट्रेमध्ये. प्रार्थनेत रडणाऱ्याला बाहेर घेऊन फिरवायचं. मग बाथरूमच्या फेऱ्या, ओल्या चड्ड्या बदलून पिशवीत घालून पिशवीवर नाव. टीचर फळ्यावर असताना मागच्या बाकांवर बसून पेन्सिल धरायला शिकवायचं, हातावर हात ठेवून. डबे उघडून द्यायचे, सांडलेलं पुसायचं. दुपारी शंभर-शंभर घोटीव कागदाची फुलं कापायची. टीचर रजेवर असली की मात्र पूर्ण वर्ग माझा: गाणी, अंक, गोष्ट, सगळं. एका वर्षी ती बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि जवळजवळ सहा महिने तो वर्ग मीच चालवला, व्हाउचरवर 'हेल्पर' या नावाने.

यातलं शिकवणं किती आणि इतर किती? हा प्रश्न एक दिवस तुम्हाला कुणीतरी विचारणार आहे. शाळेला तुम्ही कमी पगारात हव्या असता तेव्हा तुम्ही हेल्पर असता आणि तुम्ही कामगार न्यायालयात जाऊ पाहता तेव्हा शाळेचा वकील तुम्हाला शिक्षिका म्हणतो. म्हणून माझा आग्रह आहे की रोजचं काम वहीत लिहून ठेवा, तारीख घालून, दोन ओळी का होईना. मी लिहिलं नाही, त्याची किंमत मोजली.

महाराष्ट्रात १९७१ चा एक कायदा आहे, कामगार संघटनांना मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालण्याचा. त्याच्या चौथ्या परिशिष्टात मालकाच्या अनुचित प्रथांची यादी आहे. त्यातलं सहावं कलम म्हणतं, कायमपणाचे फायदे नाकारण्याच्या हेतूने माणसांना वर्षानुवर्षं बदली, हंगामी किंवा तात्पुरतं ठेवणं ही अनुचित प्रथा आहे. 'बदली' हा आपल्या गिरणीतला शब्द इंग्रजी कायद्यात जसाच्या तसा छापला आहे. तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा एप्रिलमधले माझे दोन कागद आणि जिन्यात न वाजणारा डबा एकाच वेळी डोळ्यासमोर आले. अशी तक्रार नव्वद दिवसांत करायची असते. पण हा कायदाही 'कामगार' कोण ते पाहूनच आत घेतो, म्हणजे पुन्हा तुमच्या रोजच्या कामाची वही.

नव्या संहितेत आणखी एक गाठ आहे. पूर्णपणे किंवा मुख्यत्वे धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी सेवा करणाऱ्या संस्थांच्या मालकीच्या वा व्यवस्थापनाखालच्या आस्थापना 'उद्योग' या व्याख्येतून वगळल्या आहेत. मुंबईतल्या बहुतेक खासगी शाळा ट्रस्टच्या आहेत. ट्रस्टची नोंदणी आहे म्हणून लाखाच्या घरात फी घेणारी शाळा परोपकारी ठरते का, यावर येत्या काळात जोराने भांडण होणार. ते भांडण एकटी असिस्टंट लढू शकत नाही. मी 'जा' म्हणते त्याचं एक मोठं कारण हेच आहे.

युनियन नसली तरी उघडा असलेला एक मार्ग फार कमी जणींना माहीत असतो. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्ती कायदा आहे. त्यात शिक्षक आणि शिक्षकेतर असा फरक न करता मान्यताप्राप्त शाळेतला कर्मचारी येतो. कामावरून काढलं तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं, पण आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत. तीस दिवस म्हणजे मे महिन्याची सुट्टी संपायच्या आत मुदत संपलेली असते. आपण गावाला आंबे उतरवत असतो आणि हक्क इकडे निघून जातो. शिवाय शाळेला मान्यता आहे की नाही ते आधी पाहून घ्या, कारण या कायद्याचा पाया तोच आहे. सोसायटीच्या तळमजल्यावर चालणाऱ्या नर्सरीत काम करत असाल तर हा प्रश्न नोकरी धरतानाच विचारा.

संघटनेने काय होतं, याचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण ग्रॅच्युइटीचं, म्हणजे नोकरी सोडताना एकरकमी मिळणाऱ्या पैशाचं आहे. अहमदाबादच्या खासगी प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेने शिक्षकांनाही ग्रॅच्युइटी मिळावी म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत दावा नेला आणि २००४ साली ते हरले. न्यायालयाने सांगितलं की कायद्यातल्या व्याख्येत शिक्षक बसत नाही, बसवायचा असेल तर संसदेने बसवावा. २००९ साली संसदेने व्याख्या बदलली, तीही मागच्या तारखेपासून, ३ एप्रिल १९९७ पासून. मग खासगी शाळांनी त्या दुरुस्तीला आव्हान दिलं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. हरलेल्या खटल्यातून हक्क उभा राहिला. एकट्या शिक्षिकेने हे अठरा वर्षं धरून ठेवलं असतं का? घर, मुलं, सासू-सासऱ्यांचं आजारपण, आणि त्यात तारखा.

हिशेब करून पाहा. दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. शेवटचा पगार १२,००० रुपये आणि अकरा वर्षं नोकरी असेल तर १२,००० गुणिले १५ भागिले २६, म्हणजे सुमारे ६,९२३ रुपये, गुणिले ११. झाले ७६ हजारांच्या वर. आमच्यासारख्या घरात हा मुलीच्या कॉलेजचा पैसा आहे. कायम नोकरीत यासाठी सलग पाच वर्षं लागतात, आणि एप्रिलमधला राजीनामा नेमका या 'सलग'वर घाव घालतो. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला पाच वर्षांची अट नाही. वर्षभराच्या सेवेनंतर त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळू शकते. तेव्हा तुमचा करार अकरा महिन्यांचाच का आहे, हेही विचारून पाहा.

आमच्यापेक्षा गरीब बायकांनी आमच्याआधी हे करून दाखवलं आहे. अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तेव्हापासून सेविका आणि मदतनिसांना पगार मिळत नाही, 'मानधन' मिळतं. ऐकायला किती गोड शब्द, पण त्याचा कायद्यातला अर्थ असा की तुम्ही नोकर नाही, स्वयंसेविका आहात. त्या संघटित झाल्या. महाराष्ट्रात २०१८ साली त्यांना संपावर बंदी घालणारा अत्यावश्यक सेवा कायदा लावला गेला आणि ओरड झाल्यावर त्याला स्थगिती द्यावी लागली. ४ डिसेंबर २०२३ पासून त्यांनी राज्यभर जवळजवळ दोन महिने संप केला. आणि एप्रिल २०२२ मध्ये गुजरातच्या सेविका आणि मदतनिसांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यांना ग्रॅच्युइटी द्यावीच लागेल. आझाद मैदानात उन्हात पदर डोक्यावर घेऊन बसलेल्या त्या बायका तिथून जाता-येता मी कितीदा पाहिल्या. त्यांच्यातल्या मदतनीस आणि मी एकच काम करत होतो, हे मात्र मला फार उशिरा उमगलं.

आता जे खटकतं तेही सांगते. मुंबईतल्या जुन्या शिक्षक संघटना मुख्यतः अनुदानित शाळांच्या शिक्षकांसाठी उभ्या राहिल्या. जुनी पेन्शन, समायोजन, निवडणुकीची कामं हे त्यांचे विषय. त्यात असिस्टंटचा नंबर शेवटी लागतो. याला एक साधं कारण आहे. विधान परिषदेत शिक्षकांचा वेगळा मतदारसंघ आहे आणि घटनेच्या कलम १७१ प्रमाणे त्यात माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत किमान तीन वर्षं शिकवलेल्यालाच मत देता येतं. शिशुवर्गातल्या दीदीला तिथे मत नाही. ज्याला मत नाही त्याच्या दारात कुणी येत नाही. तेव्हा मीटिंगला गेलात तर पहिल्यांदा हेच विचारा की कार्यकारिणीत असिस्टंट किती आहेत. एकही नसेल तर सात जणींनी मिळून एक जागा मागा. नोंदणी क्रमांक विचारा, वर्गणीची पावती मागा, वर्षाचा हिशेब सभासदांपुढे ठेवतात का ते विचारा. आतापर्यंत आपल्यासारख्या कुणाचं प्रकरण चालवलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे विचारायला लाजू नका. उत्तर देताना जो नेता चिडतो, त्याच्याकडे सही करू नका.

मुलांचं काय, हा प्रश्न आमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकीला छळतो. मी संपावर गेले तर माझ्या वर्गातला तो स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा, जो माझ्याशिवाय कुणाच्या हातचा घास घेत नाही, तो काय करेल? याला माझ्याकडे पळवाट नाही. मी स्वतः त्या कारणासाठी संपाच्या विरुद्ध मत दिलं असतं. पण युनियनमध्ये असल्याशिवाय विरुद्ध मत तरी कुठे देणार? शिवाय औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे संपाआधी नोटीस द्यावी लागते आणि दिल्यानंतर किमान चौदा दिवस थांबावं लागतं. निम्म्या किंवा त्याहून जास्त जणींनी एकाच दिवशी ठरवून रजा टाकली तर तोही संपच धरला जातो, हे लक्षात ठेवा. "चला, उद्या सगळ्या सिक लीव्ह टाकू" हे व्हॉट्सअॅपवर सहज लिहू नका. आणि एका असिस्टंटला बत्तीस मुलं सांभाळायला लावणं मुलांच्या जिवाशी खेळणं आहे. 'दुसरी असिस्टंट द्या' ही मागणी मुलांसाठीच आहे. आमच्या पालकांना हे पटलं होतं, फक्त ते कुणी लिहून मागितलं नव्हतं.

युनियनमध्ये गेल्याबद्दल काढून टाकणं किंवा धमकावणं हीसुद्धा कायद्याने अनुचित प्रथाच आहे. प्रत्यक्षात मात्र शाळा वेगळं कारण लिहिते. 'कामगिरी समाधानकारक नाही.' म्हणून सभासद होण्याच्या आधीच कागद गोळा करा: बँकेच्या पासबुकाच्या झेरॉक्स, पीएफचा नंबर, हजेरीचे फोटो, मुख्याध्यापिकेने कधी शाबासकी दिली असेल तर तो मेसेज.

दोन प्रकारच्या जणींची गोष्ट अजून अवघड आहे. महापालिकेच्या बालवाड्यांत ज्या काम करतात, त्यांचा वर्ग पालिकेच्या इमारतीत असला तरी मानधन संस्थेमार्फत येतं. मालक कोण, यावरच पहिली दोन वर्षं जातात आणि संस्था सामाजिक काम करणारी असेल तर वर सांगितलेली गाठ आडवी येते. दुसऱ्या शॅडो टीचर, म्हणजे विशेष गरजा असलेल्या एकाच मुलाबरोबर बसणाऱ्या. त्यांना बऱ्याचदा पालकच पैसे देतात. मूल आजारी पडलं की त्या दिवसाचे पैसे नाहीत, मुलाने शाळा बदलली की नोकरी संपली. पालकांशी भांडावं असं त्यांना वाटत नाही आणि ते बरोबरच आहे; ते आईबापही थकलेले असतात. या मुलींनी निदान एकत्र बसून एक समान करारपत्र तयार करावं: सुट्टीचा पगार, महिन्याची नोटीस, मुलाच्या आजारपणातले दिवस. शाळेनेही त्या करारावर सही करावी असं मागावं, कारण मूल शाळेच्या वर्गात बसतं, पालकांच्या बैठकीच्या खोलीत नाही.

परळच्या पुलावरची ती मुलगी शनिवारी गेली. आईला सांगून गेली. रात्री साडेनऊला तिचा फोन आला. "ताई, तिथे सगळ्यात आधी नेमणूकपत्रच मागितलं. आम्ही सात जणी होतो, दोघींकडेच होतं. सोमवारी सातही जणी मिळून ऑफिसात अर्ज देणार आहोत, प्रत द्या म्हणून."

मी विचारलं, "पोच घेणार ना?"

"दोन प्रती काढल्यात," ती म्हणाली. "एकीवर त्यांचा शिक्का घ्यायचाय."